फर्डिनांड राइश : न दिसलेल्या नीलरेषेचा शोधक

सपाट पडद्याच्या टीव्हीच्या किंवा मोबाइलच्या काचेवर इंडियम आणि कथील यांच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ लेप असतो. तो वीज वाहून नेतो आणि तरीही पारदर्शक राहतो. या लेपातील इंडियम हा दुर्मीळ धातू ज्यांच्या चिकाटीमुळे जगाला सापडला, त्या फर्डिनांड राइश यांना रंगांधळेपणा होता. आणि इंडियमची ओळख पटली ती नेमकी रंगावरून!

राइश यांचा जन्म १९ फेब्रुवारी १७९९ रोजी जर्मनीतील बेर्नबुर्ग येथे झाला. त्यांचे सारे कर्तृत्व मात्र सॅक्सनीतील फ्रायबेर्ग या गावाशी निगडित आहे. चांदीच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात १७६५ मध्ये खनिकर्म अकादमी स्थापन झाली होती. तेथे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक असलेल्या राइश यांनी खाणींनाच प्रयोगशाळा बनविले. १८३१ मध्ये त्यांनी सुमारे १५८ मीटर खोलीच्या विहिरीसारख्या उभ्या खाणीत १०६ गोळे सोडून पाहिले. हे गोळे ओळंब्यापासून सरासरी २८ मिलिमीटर पूर्वेकडे पडले. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, याचा हा प्रत्यक्ष पुरावा होता. फूको यांच्या प्रसिद्ध लंबकाच्या वीस वर्षे आधीचा. खोल खडकांचे तापमान त्यांनी मोजले आणि कॅव्हेंडिश यांचा प्रयोग पुन्हा करून पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या सुमारे साडेपाचपट असल्याचे दाखविले.

१८६१ मध्ये विल्यम क्रूक्स यांनी वर्णपटातील एका हिरव्या रेषेवरून थॅलियमचा शोध लावला. फ्रायबेर्गच्या जस्ताच्या धातुकातही हा धातू असावा, या अपेक्षेने राइश कामाला लागले. १८६३ मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, त्यांनी हे धातुक भाजून त्यातील गंधक व आर्सेनिक बाहेर घालविले आणि उरलेला भाग हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळविला. थॅलियम मिळाले नाही. मात्र गवती पिवळ्या रंगाचा एक साका हाती आला. तो एखाद्या नव्या मूलद्रव्याचा सल्फाइड असावा, अशी त्यांची खात्री झाली. पण वर्णपटाची परीक्षा स्वतः करणे त्यांना अशक्य होते. ते काम त्यांनी सहकारी हिएरोनिमस थिओडोर रिख्टर यांच्यावर सोपविले. रिख्टर यांनी पदार्थ ज्योतीत धरला, तेव्हा पूर्वी कोणत्याही मूलद्रव्याच्या वर्णपटात न आढळलेली एक तेजस्वी नीलरेषा चमकली. नीळ, म्हणजे इंडिगो, हिच्यावरून धातूचे नाव इंडियम ठेवण्यात आले. इंडिगो या शब्दाचे मूळ हिंदुस्थानातून युरोपात जाणाऱ्या निळीत असल्याने या नावात आपल्या देशाचीही खूण राहिली आहे.

शतकानुशतके खाणकाम चालूनही हा धातू कोणाच्या नजरेस का आला नाही? इंडियमच्या स्वतंत्र खाणी जवळजवळ नाहीतच. जस्ताच्या सल्फाइडमध्ये जस्ताच्या अणूंची जागा घेऊन तो दडून बसतो; त्याचे प्रमाण बहुधा टनामागे काही ग्रॅम ते काही दशक ग्रॅम एवढेच असते. धातुक भाजल्यावर तो बव्हंशी जस्ताच्या भाजलेल्या धातुकातच राहतो, त्यातला बराचसा जस्त व लोह यांच्या संयुक्त ऑक्साइडमध्ये अडकून. सौम्य सल्फ्युरिक आम्लात जस्त विरघळते, इंडियम मात्र लोहाबरोबर गाळातच उरतो. तो सोडविण्यासाठी गाळावर गरम, तीव्र आम्लाची क्रिया करावी लागते, किंवा कोकसह भट्टीत तापवून त्याची वाफ धूलिरूपात पकडावी लागते. मग द्रावकाने वेगळा करून जस्ताच्या वा ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवर तो स्पंजासारखा जमविला जातो. असा उपधातू असल्यामुळे मागणी कितीही वाढली, तरी त्याचा पुरवठा जस्ताच्या उत्पादनावरच अवलंबून राहतो.

शोधाची वार्ता दोघांनी संयुक्त नावाने प्रसिद्ध केली. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात इंडियमची सुमारे अर्धा किलोची लगड मांडण्यात आली. पुढे मात्र रिख्टर या शोधाचे श्रेय एकट्याकडे घेऊ लागले आणि दोघांचे संबंध बिघडले. १८७५ मध्ये रिख्टर अकादमीचे संचालक झाले. २७ एप्रिल १८८२ रोजी फ्रायबेर्ग येथेच राइश यांचे निधन झाले.

शोध कोणाचा मानायचा? ती रेषा प्रथम पाहणाऱ्याचा, की ती पाहण्याजोगी आहे हे ताडून तो साका सिद्ध करणाऱ्याचा? विज्ञानाच्या इतिहासाने अखेर दोघांचीही नावे एकत्र नोंदविली आहेत. रिख्टर यांच्या डोळ्यांवाचून ती रेषा दिसली नसती. पण राइश यांच्या शंकेवाचून ज्योतीत धरण्यासारखे काही उरलेच नसते.