किल्लेदार जनार्दनस्वामी आणि आमची राहिलेली षष्ठी

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

आम्ही कंधारची माणसं किल्ल्याच्या सावलीतच वाढलो. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा आमचा हा भुईकोट, भोवती पाण्याचा खंदक, आत पडके वाडे. त्यामुळे किल्ला म्हणलं की राजे, तोफा आणि लढाया एवढंच डोळ्यांपुढं यायचं. किल्ल्यावर एक दत्तभक्त राहत होता, आणि तोही संन्यासी म्हणून नव्हे तर किल्लेदार म्हणून नोकरी करत, ही गोष्ट वडिलांनी सांगितली तेव्हा मला खरीच वाटली नव्हती.

वडील दर गुरुवारी दत्ताच्या देवळात जाणारे. फाल्गुन वद्य षष्ठीला देवगिरीवर जाऊन जनार्दनस्वामींच्या पादुकांवर डोकं ठेवावं, एवढी एकच इच्छा ते बोलून दाखवायचे. पण षष्ठी येते मार्च महिन्यात, आणि मी बँकेत कारकून. मार्च म्हणजे वर्षअखेर. पुढच्या वर्षी नेतो, असं म्हणता म्हणता वडील गेले. मी निवृत्त झाल्यावर मात्र सौभाग्यवतींना घेऊन षष्ठी गाठलीच. ती हकिकत सांगण्याआधी स्वामींचं चरित्र थोडक्यात सांगतो.

जनार्दनस्वामींचा जन्म शके १४२६ मध्ये चाळीसगावच्या देशपांडे घराण्यात झाला. तिथी फाल्गुन वद्य षष्ठी. घराणं वतनदारांचं, त्यामुळे लिहिणं, हिशेब आणि कारभार घरातच होता. पण ओढा दत्तगुरूंकडे. कृष्णाकाठी अंकलखोपजवळ औदुंबराच्या छायेत त्यांना अनुग्रह झाला, असं परंपरा सांगते. पुढे त्यांचे शिष्य एकनाथमहाराज यांनी भागवतावरच्या टीकेत दत्तात्रेयांच्या शिष्यांची गणना केली आहे. पहिला सहस्रार्जुन, दुसरा यदु आणि कलियुगातले तिसरे जनार्दन. गुरूचिंतनात ते देहभान विसरले होते. दत्तप्रभूंनी मस्तकावर हात ठेवला आणि त्यांना बोध झाला, असं नाथांनी तिथं वर्णन केलं आहे. महत्त्वाचं हे की हा बोध घर न सोडता, कर्म न टाकता झाला.

तो काळ अहमदनगरच्या निजामशाहीचा. देवगिरीचा किल्ला म्हणजे साधी जागा नव्हे. यादव राजा भिल्लम याने तिथं राजधानी केली, खिलजीची स्वारी तिथं झाली, आणि १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी तिथं हलवून त्याचं दौलताबाद केलं. अशा किल्ल्याचा कारभार स्वामींच्या हाती आला. राज्य परधर्मी, जबाबदारी फौजेची आणि खजिन्याची. तरी त्यांच्या सचोटीचा आणि भक्तीचा असा दबदबा होता की गुरुवार हा दत्ताचा वार म्हणून त्या दिवशी किल्ल्यातली कचेरी बंद असे, असं चरित्रकार सांगतात. तेव्हाच्या काळात हे केवढं मोठं, याचा विचार करा.

याच किल्ल्यावर पैठणहून एक बारा वर्षांचा मुलगा आला. आईवडील लहानपणीच गेलेले, आजोबा चक्रपाणींनी वाढवलेला, संत भानुदासांच्या कुळातला. घरी न सांगता तो देवगिरीला आला आणि स्वामींच्या चरणी पडला. तो दिवसही फाल्गुन वद्य षष्ठीचाच. हे आपले एकनाथमहाराज. स्वामींनी त्यांना आधी ज्ञान सांगितलं नाही, आधी काम दिलं. घरची सेवा, पूजेची तयारी आणि किल्ल्याचे हिशेब.

पुढची कथा आपल्याला माहीत आहे, पण आम्हा बँकवाल्यांना ती जरा जास्तच जवळची. एकदा हिशेबात एका पैचा फरक पडला. नाथ रात्रभर दिव्यापाशी वह्या उलगडत बसले. पहाटे चूक सापडली आणि आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. स्वामी जागे होऊन मागे उभेच होते. एका पैच्या चुकीत जेवढं मन लागलं तेवढं देवाकडे लागलं तर काय होईल, हे त्यांनी त्याच क्षणी शिष्याला दाखवून दिलं.

मीही दहा पैशांच्या फरकासाठी रात्री अकरापर्यंत लेजरवर बसलेलो आहे. फरक सापडला की मीही खूश होऊन घरी यायचो आणि झोपायचो. त्यापुढची पायरी कधी सुचली नाही. गुरू मागे उभा असण्याचं महत्त्व इथंच कळतं.

दुसरी कथा अशी, की स्वामी समाधीत असताना किल्ल्यावर शत्रू चालून आला. गुरूंची समाधी मोडायची नाही म्हणून नाथांनी त्यांचंच चिलखत अंगावर चढवलं, हत्यार घेतलं आणि हल्ला परतवला. स्वामींना हे नंतर कळलं. पुढे जवळच्या शूलिभंजन डोंगरावर स्वामींनी नाथांना दत्तदर्शन घडवलं. दत्तप्रभू मलंगाच्या वेषात आले, नाथांना आधी ओळख पटली नाही, आणि स्वामी मात्र त्या मलंगाबरोबर निःशंकपणे एका पात्रात जेवले. आपण देवळात रोज दत्ताची जी आरती म्हणतो ती याच नाथांची आहे. तिचं मूळ देवगिरीच्या किल्लेदाराच्या कृपेत आहे.

नंतर स्वामी शिष्याबरोबर तीर्थयात्रेला त्र्यंबकेश्वरापर्यंत गेले. तिथं त्यांच्या आज्ञेने नाथांनी चतुःश्लोकी भागवत लिहिलं. मग शिष्याला पुढे धाडून स्वामी पुन्हा आपल्या कामावर, किल्ल्यावर परतले. शके १४९७ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, फाल्गुन वद्य षष्ठीलाच त्यांनी देह ठेवला. शके १५२१ मध्ये नाथांनीही गोदावरीत समाधी घेतली ती याच तिथीला. स्वामींचा जन्म, त्यांना झालेला अनुग्रह, गुरुशिष्यांची भेट आणि दोघांचं निर्याण, अशी पाच पर्वं एका षष्ठीत आली. स्वामींचं स्वतःचं लेखन थोडं. पण नाथांनी अभंगाच्या शेवटी आपल्या नावाला गुरूचं नाव जोडलं, त्यामुळे नाथांचा अभंग म्हणताना आपण स्वामींचंही स्मरण करतो.

आता आमची षष्ठी. त्या दिवशी सगळी गर्दी पैठणला असते. आम्ही सकाळीच देवगिरीच्या दरवाजात उभे राहिलो. चाँद मिनार मागे टाकला, भारतमाता मंदिराशी थोडं टेकलो. सौभाग्यवतींचे गुडघे तिथंच थांबा म्हणाले. त्या सावलीत जप करत बसल्या आणि मी एकटा वर निघालो. खंदकावरचा पूल झाला, मग ती अंधारी. आत हात पुढे केला तर हात दिसत नाही. भिंत चाचपत, पुढच्या माणसाच्या आवाजामागे चालायचं. मनात आलं, गुरूमागे जाणं म्हणजे असंच असणार. मग पायऱ्या, गणपती, आणखी पायऱ्या. धाप लागत होती. माथ्याजवळ कातळातली ती गुहा आणि पादुका दिसल्या. आमच्यासारखे चार भाविक आधीच आलेले होते. कुणी हळू आवाजात नाथांचा अभंग म्हणत होतं.

पादुकांवर डोकं ठेवलं आणि वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढं आला. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की मार्चमध्ये रजा मिळत नाही म्हणून वडिलांना आणता आलं नाही. दत्तभक्तहो, खरं सांगतो. मी षष्ठीसाठी रजेचा अर्ज कधी दिलाच नव्हता. मिळणार नाही असं स्वतःच ठरवून मोकळा झालो होतो. स्वामींच्या डोक्यावर अख्खा किल्ला होता, तरी त्यांनी दत्तासाठी आठवड्यातला एक वार काढला. मला वर्षातला एक दिवस काढता आला नाही. हा फरक माझ्याच खात्यातला, आणि तो आता जुळणार नाही.

खाली आलो तेव्हा सौभाग्यवतींनी एवढंच विचारलं, मामंजींचा नमस्कार सांगितला का. मी मान हलवली.

निवृत्तीनंतर देवाचं बघू, असं आपल्यापैकी पुष्कळजण म्हणतात. स्वामी निवृत्तीची वाट बघत बसले नाहीत. नोकरी चोख केली आणि त्या नोकरीतच गुरुवार सांभाळला. ज्यांच्या घरी म्हातारे आईवडील आहेत आणि त्यांची कुठली यात्रा राहिली आहे, त्यांनी अर्ज तरी टाकावा. पुढचं दत्तमहाराज बघतील.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥