रॉबर्ट बॉश : आधी ठिणगी, मग इंधन

कल्याणहून उल्हासनगर, अंबरनाथ करत बदलापूरला जाणाऱ्या रस्त्यावर गॅरेजांची कमतरता नाही. त्यातल्या एखाद्या गॅरेजात वीस-पंचवीस वर्षांची छोटी पेट्रोल गाडी बॉनेट उघडून उभी दिसली, तर तक्रार साधारण ठरलेली असते. सकाळी दोन-तीन सेल्फ मारल्याशिवाय सुरू होत नाही, सिग्नलला उभी असताना रेस आपोआप वर-खाली होते, चढावर मिसिंग मारते. कार्ब्युरेटरच्या जमान्यात मिस्त्री पेचकस घेऊन स्क्रू अर्धा आटा इकडे-तिकडे करायचा आणि कानाने इंजिन जुळवायचा. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल-हवेचं मिश्रण बदलायला तसा स्क्रू नसतो. तिथे एक छोटा संगणक किती हवा आत आली ते सेन्सरकडून विचारतो आणि इंजेक्टर काही मिलिसेकंद उघडून तेवढंच पेट्रोल आत फवारतो. साधारण पावणेपंधरा किलो हवेला एक किलो पेट्रोल, हे त्याचं गणित.

या इंजेक्टरच्या इतिहासात एक नाव पुन्हा पुन्हा येतं : बॉश. तुमच्या गाडीतला इंजेक्टर त्या कंपनीचा असेल किंवा नसेल, पण इंधन मोजून, ठरल्या वेळी, दाबाने फवारायचं तंत्र रस्त्यावर आणण्यात तिचा वाटा फार मोठा आहे. कंपनी सगळ्यांना माहीत असते. ज्याचं हे आडनाव, तो माणूस कसा होता?

रॉबर्ट बॉशचा जन्म 23 सप्टेंबर 1861 चा, दक्षिण जर्मनीतल्या उल्म शहराजवळच्या आल्बेक गावचा. बारा भावंडांत तो अकरावा. वडिलांची शेती आणि खानावळ, घर खाऊनपिऊन सुखी. पोरगा अभ्यासात रमला नाही, म्हणून त्याला उल्ममध्ये सूक्ष्म यंत्रकामाच्या कारखान्यात उमेदवारीला घातलं. तिथे उस्तादाचं लक्ष नसे आणि शिकवणं यथातथाच. ही चीड त्याने आयुष्यभर जपली. पुढे स्वतःच्या कारखान्यात उमेदवार घेतले तेव्हा त्यांना नीट शिकवण्यावर त्याचा भर होता, त्याचं मूळ इथे असावं.

नंतर काही वर्षं तो गावोगाव, देशोदेशी कामं करत फिरला. अमेरिकेत एडिसनच्या कारखान्यात राबला, इंग्लंडात सीमेन्सकडे राहिला. नोव्हेंबर 1886 मध्ये, पंचविसाव्या वर्षी, त्याने स्टुटगार्टमध्ये एका इमारतीच्या मागच्या बाजूला वर्कशॉप थाटलं. हाताखाली एक मेकॅनिक आणि एक निरोप्या पोरगा. टेलिफोन बसव, विजेच्या घंट्या लाव, असली कामं. पहिली काही वर्षं अशी ओढाताणीची गेली की दुकान कधी बंद पडेल याचा भरवसा नव्हता.

तारलं ते ठिणगीने. 1887 मध्ये एका गिऱ्हाइकाने जागच्या जागी चालणाऱ्या गॅस इंजिनासाठी मॅग्नेटो मागितला. मॅग्नेटो म्हणजे चुंबकाच्या जोरावर स्वतःच वीज निर्माण करून इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र. बॉशने आधीचा नमुना पाहिला, त्यात सुधारणा केली आणि बनवून दिला. दहा वर्षांनी, 1897 मध्ये, तोच मॅग्नेटो तीनचाकी मोटारीवर बसवायची वेळ आली. मोटारीचं इंजिन फार भरभर फिरायचं, जुना मॅग्नेटो त्याला पुरत नव्हता. तोडगा काढला आर्नोल्ड त्सेरिंगर या त्याच्या फोरमनने. मग 1902 मध्ये गॉटलोब होनोल्ड या इंजिनिअरने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग अशी जोडी तयार केली, आणि मोटारींची सगळ्यात मोठी डोकेदुखी मिटली.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बॉश स्वतः थोर संशोधक नव्हता. त्याची हुशारी माणसं हेरण्यात, त्यांना मोकळीक देण्यात आणि माल पुन्हा पुन्हा तपासण्यात होती. वाईट माल विकून नाव घालवण्यापेक्षा पैसे गेलेले परवडले, असा त्याचा हिशोब होता. पगार तो चांगले देई. 1906 मध्ये त्याने कारखान्यात आठ तासांची पाळी सुरू केली, तेव्हा इतर कारखानदारांनी नाकं मुरडली आणि त्याला लाल बॉश म्हणू लागले. तरीही 1913 मध्ये त्याच्याच कारखान्यात कडाक्याचा संप झाला. तो घाव त्याला खोल लागला आणि त्यानंतर तो मालकांच्या संघटनेत सामील झाला. माणूस काही पुतळा नव्हता.

पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्याचा जवळजवळ सगळा धंदा जर्मनीबाहेर होता. शत्रुदेशांतल्या शाखा आणि पेटंटं गेली. उलट लष्कराच्या मागणीमुळे घरात पैसा येत राहिला आणि तो पैसा त्याला बोचत होता. युद्धातल्या नफ्यातून त्याने कोट्यवधी मार्क सार्वजनिक कामांना देऊन टाकले, त्यातली मोठी रक्कम नेकार नदीतून जहाजं जातील असा जलमार्ग करण्यासाठी. पुढे फ्रान्स आणि जर्मनीचं वैर मिटावं म्हणूनही तो झटत राहिला. याच काळात घरही मोडत होतं. एकुलता एक मुलगा दीर्घ आजाराने 1921 मध्ये गेला, नंतर घटस्फोट झाला. साठी उलटल्यावर त्याने दुसरं लग्न केलं आणि पुन्हा मुलंबाळं झाली.

आता येऊ इंजेक्शनकडे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती तापते आणि त्यात डिझेल फवारलं की पेटतं. सुरुवातीच्या इंजिनांत हे फवारण्यासाठी दाबलेली हवा वापरत. त्यासाठी लागणारा कॉम्प्रेसर इतका अवजड की ट्रकमध्ये बसवायची सोय नव्हती. 1922 मध्ये बॉशने ठरवलं की डिझेलसाठी स्वतःचा पंप बनवायचा, आणि 1927 मध्ये तो कारखान्यातून बाहेर पडू लागला. नळीत दट्ट्या वर सरकतो आणि डिझेल ढकलतो, एवढंच त्याचं काम. पण दट्ट्या आणि नळी यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकी. दट्ट्यावर तिरपी खाच कोरलेली, तो थोडा फिरवला की मात्रा कमी-जास्त होते. फट जरा वाढली की दाब गळतो, जरा कमी झाली की दट्ट्या अडकतो. मॅग्नेटोवर तयार झालेले कामगारांचे हात इथे कामी आले. 1936 साली मर्सिडीजची डिझेल मोटार बाजारात आली, तिच्यातही बॉशचाच पंप होता.

पेट्रोलचं इंजेक्शन मात्र रस्त्यावर यायच्या आधी आकाशात गेलं. 1937 पासून डायमलर-बेंझच्या विमानी इंजिनांत बॉशचं पेट्रोल इंजेक्शन बसू लागलं. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल एका वाटीत साठतं आणि फ्लोटवर त्याची पातळी ठरते. विमान एकदम नाक खाली करून झेपावलं की वाटीतलं पेट्रोल उसळतं आणि इंजिन गचके खातं. ब्रिटिश वैमानिकांना हा त्रास व्हायचा. मेसरश्मिट 109 विमानांना व्हायचा नाही, कारण त्यांच्यात वाटीच नव्हती.

ज्या माणसाने पहिल्या युद्धाचा नफा वाटून टाकला, त्याच्या कारखान्याचं सगळ्यात अचूक काम दुसऱ्या युद्धाच्या विमानांत गेलं. ही गाठ सहज सुटत नाही. बॉशला नाझी आवडत नव्हते. त्याने आणि त्याच्या माणसांनी ज्यूंना देश सोडायला मदत केली. हिटलरविरोधी गटातल्या कार्ल गोएर्डेलरला 1937 पासून कंपनीचा सल्लागार म्हणून आसरा दिला. पण त्याच कंपनीने लष्करी कंत्राटंही घेतली, आणि युद्धात तिच्या कारखान्यांत हजारो वेठबिगार राबवले गेले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी पुसली जात नाही, निदान मला तरी तसं वाटतं. 12 मार्च 1942 रोजी बॉश वारला आणि ज्या राजवटीचा त्याला तिटकारा होता, तिनेच त्याची अंत्ययात्रा सरकारी इतमामाने काढली. गोएर्डेलर पुढे पकडला गेला आणि 1945 मध्ये त्याला फाशी दिली.

एक वेगळी गोष्ट : बॉशचा होमिओपॅथीवर मोठा विश्वास होता. 1940 मध्ये त्याने स्टुटगार्टला त्या उपचारांचं रुग्णालय उभारलं. आज कंपनीची नव्वद टक्क्यांहून जास्त मालकी त्याच्या नावाच्या न्यासाकडे आहे आणि त्यातून येणारा लाभांश आरोग्य, शिक्षण अशा कामांवर खर्च होतो.

युद्ध संपल्यावर विमानातलं तंत्र मोटारीत आलं आणि गंमत म्हणजे आधी आलं ते छोट्या गाड्यांत. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला गुटब्रोड सुपीरियर आणि गोलियाथ जीपी 700 या दोन इवल्याशा टू-स्ट्रोक गाड्यांत बॉशचं इंजेक्शन बसलं. मर्सिडीजची 300 एसएल ही नामांकित गाडी त्यानंतर, 1954 मध्ये. 1967 मध्ये फोक्सवॅगनच्या गाडीत विजेवर हिशोब करणारं इंजेक्शन आलं. आपल्याकडे 1951 मध्ये बंगळूरला मायको कंपनी निघाली, आणि नंतर तिच्या नाशिकच्या सातपूरमधल्या कारखान्यात डिझेलचे नोजल आणि इंजेक्टर बनू लागले. नाशिककर त्या चौकाला आजही मायको सर्कल म्हणतात.

आता पुन्हा त्या उघड्या बॉनेटकडे. मिसिंग मारणाऱ्या गाडीत लगेच इंजेक्टर बदलायचा खर्च करू नका. आधी स्पार्क प्लग काढून बघा, मग कॉइल आणि वायरी. मग हवा : फिल्टर, थ्रॉटल बॉडीत जमलेला काजळीचा थर, तडा गेलेला व्हॅक्यूमचा रबरी पाइप. रेस आपोआप वर-खाली होत असेल तर दोष बहुधा इथेच असतो. पावसाळ्यात बदलापूरकडे उल्हास नदीचं पाणी चढतं. 2005 आणि 2019 च्या पुरासारखं पाणी गाडीत शिरलं असेल, तर सेन्सरचे कनेक्टर सोडवून सुकवा, हिरवट गंज खरवडा, अर्थिंगची वायर घट्ट करा आणि टाकीत पाणी गेलं नाही ना ते बघा. मग पेट्रोलचा फिल्टर आणि पंपाचा दाब, जो अशा गाड्यांत साधारण तीन बारच्या आसपास असतो. इंजेक्टर सगळ्यात शेवटी. ते काढून मशीनवर शेजारी शेजारी लावतात, खाली काचेच्या नळ्या ठेवतात आणि ठरावीक वेळ फवारायला लावतात. चारही नळ्यांत सारखं पेट्रोल जमलं तर इंजेक्टर ठीक. एकीत कमी जमलं, तर बिघाड त्यातच.