नाथ पै: एक खासदार, दोन लढाया
खासदाराने मतदारसंघ बघायचा की देश? बॅरिस्टर नाथ पैंनी दोन्ही बघितलं. १९२२ मध्ये वेंगुर्ल्यात जन्मलेले नाथ १९५७ पासून सलग तीनदा राजापूरचे खासदार झाले, तेही विरोधी बाकावरून. कोकणात रेल्वे यावी म्हणून ते भांडत राहिले. संसदेला मूलभूत हक्कांना कात्री लावता येणार नाही, असं १९६७ च्या गोलकनाथ निकालाने ठरवलं. घटनादुरुस्तीचा तो अधिकार संसदेला परत मिळावा म्हणून त्यांनी खासगी विधेयक मांडलं. जानेवारी १९७१ मध्ये बेळगावात ते गेले, अवघ्या ४८ व्या वर्षी. त्याच वर्षी २४ व्या घटनादुरुस्तीने तो अधिकार परतला. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला मात्र १९९८ उजाडलं. पहिलं मत देताना उमेदवाराला दोन्ही विचारा: आपलं स्टेशन आणि आपलं संविधान.