गणेश वासुदेव मावळणकर

गणेश वासुदेव मावळणकर (२७ नोव्हेंबर १८८८, बडोदा – २७ फेब्रुवारी १९५६, अहमदाबाद) हे वकील, स्वातंत्र्यसैनिक आणि लोकसभेचे पहिले अध्यक्ष होते. ते दादासाहेब या नावाने ओळखले जात. त्यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील होते.

१९३७ मध्ये ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर प्रांताचा कारभार गव्हर्नरकडे गेला आणि पुढील निवडणूक १९४६ पर्यंत लांबली. केंद्रातही १९३४ मध्ये निवडलेली विधानसभा मुदतवाढीमुळे १९४५ पर्यंत टिकली. तिच्या जागी आलेल्या विधानसभेचे अध्यक्षपद मावळणकरांनी जानेवारी १९४६ मध्ये ६६ विरुद्ध ६३ मतांनी जिंकले. मात्र स्वातंत्र्याबरोबर ती सभा मुदतीपूर्वीच संपुष्टात आली. त्यानंतर त्यांनी संविधान सभेच्या विधिमंडळाचे व हंगामी संसदेचे अध्यक्षपद सांभाळले.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर, १५ मे १९५२ रोजी, त्यांनी सोलापूरचे खासदार शंकर शांताराम मोरे यांचा ३९४ विरुद्ध ५५ मतांनी पराभव करून लोकसभेचे अध्यक्षपद मिळवले. अधिवेशन नसताना वारंवार वटहुकूम काढण्यास त्यांचा विरोध होता व तो त्यांनी सरकारला लेखी कळवला होता. विरोधकांनी मात्र त्यांच्यावर पक्षपाताचा आक्षेप घेतला. त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव डिसेंबर १९५४ मध्ये सभागृहाने फेटाळला.

लोकसभेची पाच वर्षांची मुदत पूर्ण होण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. उर्वरित काळासाठी एम. अनंतशयनम अय्यंगार अध्यक्ष झाले.