लाखो रायफली बनल्या, पण रॉयल्टीचा एक डॉलरही मिळाला नाही; कोण होते जॉन गॅरंड?

'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' पाहिला असेल, तर त्यातली अमेरिकन सैनिकांच्या हातातली रायफल आठवत असेल. तिचं नाव एम१ गॅरंड. हे नाव ज्यांच्यावरून पडलं, ते जॉन गॅरंड मात्र आयुष्यभर सरकारी पगारावरच जगले.

त्यांचा जन्म १ जानेवारी १८८८ रोजी कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात झाला. ते लहान असतानाच कुटुंब अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात आलं. शाळा लवकर सुटली आणि गॅरंड कापड गिरणीत कामाला लागले. फावल्या वेळात ते तिथली यंत्रं समजून घ्यायचे. त्यातूनच ते पुढे मशिनिस्ट झाले.

१९१९ मध्ये ते मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड आर्मरी या सरकारी शस्त्र कारखान्यात रुजू झाले. लष्कराला सेमी-ऑटोमॅटिक रायफल हवी होती. म्हणजे एकदा ट्रिगर ओढला की एक गोळी सुटेल आणि पुढची आपोआप भरली जाईल. हे जमायला गॅरंड यांना जवळपास १७ वर्षं लागली. १९३६ मध्ये लष्कराने एम१ स्वीकारली.

खरी करामत कुठे होती?

ही रायफल कोणत्याही अवजाराशिवाय तीन भागांत सुटी व्हायची. नळी आणि रिसीव्हर हा एक भाग, लाकडी दस्ता हा दुसरा आणि ट्रिगर हाउसिंग हा तिसरा. ट्रिगर, हॅमर आणि सेफ्टी ज्या सांगाड्यात बसतात, तो म्हणजे ट्रिगर हाउसिंग. ट्रिगरभोवतीची कडी ओढली की हा भाग सहज बाहेर यायचा.

दुसऱ्या महायुद्धात स्प्रिंगफील्डसोबत विंचेस्टर कंपनीही ही रायफल बनवत होती. एका कारखान्यातला सुटा भाग दुसऱ्याच्या रायफलीत बसणं गरजेचं होतं. म्हणून गॅरंड यांनी रायफलीबरोबरच ती बनवणाऱ्या यंत्रांवरही काम केलं.

नावाचा घोळ

एम म्हणजे मॉडेल आणि १ म्हणजे पहिलं, इतकाच एम१चा अर्थ. त्यामुळे १९४१ मध्ये आलेल्या विंचेस्टरच्या छोट्या कार्बाइनचं नावही एम१च होतं. पण तिचं ट्रिगर हाउसिंग वेगळं होतं, ते गॅरंडच्या रायफलीत बसत नाही. १९५७ मध्ये गॅरंडच्या रचनेवरूनच एम१४ आली. तिची रचना बरीच सारखी दिसते. पण आठ गोळ्यांच्या क्लिपऐवजी तिला २० गोळ्यांचं सुटं मॅगझिन लागतं, त्यामुळे तिचं हाउसिंगही बदललं.

मग ओळखायचं कसं? भागावर कोरलेल्या ड्रॉइंग क्रमांकावरून. एम१ रायफलीच्या हाउसिंगवर डी२८२९० हा क्रमांक असतो. पुढे एसए असेल तर स्प्रिंगफील्ड, डब्ल्यूआरए असेल तर विंचेस्टर.

आणि मोबदला?

गॅरंड यांनी आपले हक्क सरकारला देऊन टाकले. ५० लाखांहून जास्त रायफली बनल्या, पण त्यांना रॉयल्टी मिळाली नाही. त्यांना एक लाख डॉलर द्यावेत, असं विधेयक अमेरिकन संसदेत आलं होतं. ते मंजूरच झालं नाही. १९४४ मध्ये सरकारने पदक दिलं, १९५३ मध्ये ते निवृत्त झाले आणि १६ फेब्रुवारी १९७४ रोजी स्प्रिंगफील्डमध्येच त्यांचं निधन झालं.

सरकारी कागदपत्रांत त्या रायफलीचं नाव फक्त एम१ होतं. त्यापुढे गॅरंड हे नाव लोकांनी जोडलं, आणि तेच टिकलं.