डॉ. आंबेडकर : राज्यसभेतील पर्व

महू येथे १८९१ मध्ये जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनातील राज्यसभेचे पर्व तुलनेने दुर्लक्षित राहिले आहे. मुख्यतः हिंदू संहिता विधेयक रखडल्याने त्यांनी १९५१ मध्ये विधिमंत्रिपद सोडले. लोकसभा निवडणुकीतील पराभवानंतर १९५२ मध्ये ते मुंबई राज्यातून राज्यसभेवर निवडून आले. २ सप्टेंबर १९५३ रोजी आंध्र राज्य विधेयकावरील चर्चेत, अल्पसंख्याकांच्या रक्षणार्थ राज्यपालांना विशेष अधिकार असावेत, असा आग्रह त्यांनी धरला. राज्यघटना जाळण्याची त्यांची भाषा याच वादातून उद्भवली. १९५५ मध्ये त्याच सभागृहात त्यांनी तिचा खुलासा केला. त्यांचा रोष घटनेच्या मूळ हेतूवर नव्हता, तिचा ताबा घेणाऱ्या प्रवृत्तींवर होता. हा संदर्भ वगळून ते विधान उद्धृत करणे अन्यायाचे होय. ६ डिसेंबर १९५६ रोजी निधन झाले, तेव्हाही ते राज्यसभेचे सदस्य होते.