जोसेफ ओड्वायर : गुदमरलेल्या लेकरांचा डॉक्टर

ओड्वायर हे आडनाव कानावर पडले की आपल्याला जालियनवाला बाग आठवते. १९१९ साली पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर असलेला मायकेल ओड्वायर आणि १९४० मध्ये लंडनला त्याच्यावर गोळ्या झाडणारे उधमसिंग आपण शाळेतच शिकलो. पण त्याच आयरिश आडनावाचा आणखी एक माणूस होऊन गेला, आणि त्याचे नाव आपल्या कोणत्याच पाठ्यपुस्तकात नाही. त्याने मुलांचे प्राण वाचवले, एवढाच त्याचा गुन्हा असावा!

जोसेफ ओड्वायर यांचा जन्म १८४१ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात क्लीव्हलंड येथे झाला. बालपण कॅनडात गेले. १८६६ साली न्यूयॉर्कला ते डॉक्टर झाले आणि तिथल्या एका बेटावरील धर्मादाय रुग्णालयात नोकरीस लागले. लगेच पटकीची साथ आली. रोग्यांची सेवा करताना त्यांनाही पटकी झाली, पण ते वाचले. पुढे १८७२ च्या सुमारास ते न्यूयॉर्कच्या अनाथ बालकाश्रमात डॉक्टर म्हणून रुजू झाले. हा आश्रम जोगिणींनी १८६९ मध्ये काढला होता. दाराशी एक पाळणा ठेवलेला असे, आणि ज्या आईला मूल सांभाळणे शक्य नसेल ती रात्री गुपचूप त्यात मूल ठेवून जाई.

अशा आश्रमात घटसर्प शिरला म्हणजे काय होत असेल याची कल्पनाही करवत नाही. माझ्या आजीचे पहिले मूल घटसर्पाने गेले. ती अजूनही त्या रात्रीबद्दल बोलताना स्वतःचाच गळा हाताने धरते. या रोगात घशात राखी रंगाचा चिवट पापुद्रा धरतो, तो स्वरयंत्रापर्यंत उतरतो, आणि मूल शुद्धीवर असतानाच श्वासासाठी तडफडत जाते. त्या काळी एकच उपाय होता : गळ्याला छेद देऊन श्वासनळीला भोक पाडणे. ओड्वायर यांच्या आश्रमात या शस्त्रक्रियेनंतरही मुले दगावतच होती.

मग १८८० साली त्यांनी ठरवले की चिरफाड न करता तोंडातूनच नळी घालायची. ही कल्पना अगदी नवी नव्हती. पॅरिसमध्ये बुशू नावाच्या डॉक्टरने १८५८ मध्ये ती मांडली होती, पण तिथल्या पंडितांनी ती धुडकावून लावली. ओड्वायर यांना मात्र पाच वर्षे लागली, आणि ही पाच वर्षेच त्यांचे खरे चरित्र आहे असे मला वाटते. आश्रमात मरण पावलेल्या मुलांच्या घशांची मापे ते घेत. पहिली नळी दोन पाखांची होती. तिच्या फटीतून सुजलेला भाग आत घुसे. मग अखंड नळी केली. ती आखूड असल्याने मूल खोकले की बाहेर पडे. मग लांब केली आणि मध्यभागी फुगीर ठेवली, तेव्हा ती जागेवर राहू लागली. पितळेवर सोन्याचा मुलामा दिलेल्या या नळ्यांचा एक संच असे, आणि मुलाचे वय पाहून कोणती नळी घ्यायची हे ठरवण्यासाठी सोबत एक मोजपट्टी असे.

नळी घालण्याची रीतही सांगितली पाहिजे. मुलाला चादरीत गुंडाळून परिचारिका मांडीवर घेई. तोंड उघडे राहावे म्हणून दातांत चिमटा अडकवत. डॉक्टर डाव्या हाताच्या तर्जनीने स्वरयंत्राचे झाकण चाचपून वर उचलत आणि त्या बोटाच्या आधारे नळी आत सोडत. डोळ्यांना काही दिसत नसे, सारे बोटालाच कळायचे! नळीला दोरा बांधलेला असे. चुकून ती अन्ननलिकेत गेली तर लगेच ओढून काढता यावी म्हणून. हे सारे काही क्षणांत व्हावे लागे. १८८५ साली त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. त्याच वेळी आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी तिथून जवळच फिलाडेल्फियात वैद्यकीचे शेवटचे वर्ष पुरे करीत होत्या.

ओड्वायर यांच्या नळीला बफेलोच्या डॉ. फेल यांचा भाता जोडला गेला आणि श्वास थांबलेल्या माणसाला बाहेरून हवा देता येऊ लागली. पुढे न्यू ऑर्लिन्सचे डॉ. मॅटस यांनी छातीच्या शस्त्रक्रियेसाठी हेच साधन घेतले. शस्त्रक्रियेत भूल देण्यासाठी तोंडातून नळी घालण्याचा प्रयोग ग्लासगोच्या मॅक्यूएन यांनी १८७८ मध्येच केला होता, पण तो मोठ्या माणसावर. लहान मुलाची वाट वेगळी असते : जीभ मोठी, स्वरयंत्र वरच्या अंगाला, नळी अरुंद, आणि श्वास थांबला तर प्राणवायूची शिल्लक फार थोडी. म्हणून आज आपल्या पनवेलमध्ये मुलाचे टॉन्सिल काढायचे असले तरी भूलतज्ज्ञ आधी त्याला तोंड उघडायला लावतात, हनुवटी लहान आहे का, मान मागे वळते का, दुधाचा दात हलतो का ते पाहतात, आणि रात्री घोरतो का असे आईला विचारतात. नळी घालणे अवघड जाईल का याचा अंदाज भूल देण्यापूर्वी घ्यायचा असतो. ओड्वायर यांना असा वेळ कधीच मिळाला नाही. त्यांच्यापुढे मूल यायचे ते निळे पडलेलेच.

१८९० मध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी घटसर्पावरचा प्रतिविषाचा शोध जाहीर केला, आणि चार-पाच वर्षांत घोड्याच्या रक्तापासून केलेले औषध अमेरिकेत पोचले. आपल्या नळीचे काम त्यामुळे कमी होणार हे ओड्वायर यांना दिसत होते. तरीही त्यांनी ते औषध आश्रमातल्या मुलांना द्यायला घेतले आणि त्याची बाजू मांडली. ७ जानेवारी १८९८ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.